नसलेल्या आंब्यांची साक्ष

फोर्टातल्या चौथ्या मजल्यावर, एसी सोळावर,
मी शपथ घेते
की खरं तेच सांगेन
जे कधी लागलेच नाहीत त्या आंब्यांविषयी.

प्रकरण म्हटलं तर साधं:
सातशे चाळीस कलमं, हापूस म्हणून विकलेली,
सातव्या वर्षी धरली ती रायवळ.
कंपनी म्हणते नुकसान, नर्सरी म्हणते नशीब.
मधल्या टेबलावर माझा अहवाल,
एकशे बारा पानं, स्पायरल बाइंडिंग.
जोडपत्र 'क' मध्ये पंचवीस वर्षांची फळं
जी फांदीवर नाहीत, पेटीत नाहीत,
रकान्यात मात्र ओळीने लगडलेली.

मीच त्यांना मोहर आणला.
तुडतुडेही मीच सोडले, करपा, फळगळ, सगळं टक्केवारीने.
एक वर्ष आड झाडं रुसवली, कारण हापूस लहरी.
आणि मग उद्याचा एकेक आंबा
दरसाल बारा टक्क्यांनी सोलत
आजपर्यंत आणला.
पंचविसाव्या वर्षाचा रुपया
इथे पोचतो तेव्हा सहा पैशांचाही उरत नाही.

ॲडव्होकेट कराणी उठतात. चष्मा कपाळावर.
"डॉक्टर खानोलकर, आंब्यावर कधी चढलात?"
नाही.
"एखादं कलम बांधलंत?"
नाही.
"मग तज्ज्ञ कशाच्या?"

स्टेनोची बोटं हवेत थांबतात.
मला किसन थोरवे आठवतात, वाशीचे दलाल.
माझी पहिली नोकरी, पहाटेचे साडेचार, कोरी वही.
भाव काय, विचारलं तर हसले.
"हात दे, पोरी."
रुमालाखाली माझं एक बोट दाबलं,
मग तीन,
मग आख्खी मूठ.
"कळलं?"
नाही.
"मग वहीत काय लिहिणार, कप्पाळ?"

फळ्यावरचा भाव लिहून आणला होता त्या दिवशी.
बावीस वर्षं फळ्यावरचाच लिहिते आहे.
पानोपानी तळटीप, स्रोत: बाजार समिती,
आणि प्रत्येक स्रोताखाली
एक रुमाल.

"जे नाही त्याची तज्ज्ञ," मी म्हणते.
"असतं, तर किती असतं, एवढंच मला येतं."
कराणींना हे उत्तर नको होतं. आमच्या वकिलांनाही नको होतं.

लवादाचे निवृत्त न्यायमूर्ती
चहात बुडवलेलं बिस्कीट वाचवतात आणि पहिल्यांदाच विचारतात,
"ते रायवळ? ते तर लागले होते ना?
त्यांचं काय केलंत?"

पान शहात्तर. वजा: अन्य फळांचे उत्पन्न. शून्य.

लांज्याला बाग पाहायला गेले तेव्हा
रखवालदाराच्या सुगंधाने परातभर आणून ठेवले होते,
पिवळे, गोटीएवढे, देठाशी चिकाने काळवंडलेले.
सुरी मागितली तर ती हसली: "चोखा हो, मॅडम."
दोन दिवस दातांत दोरे होते
आणि बोटांना वास.
ती साटं घालत होती, वाडीत विकत होती,
किती विकते विचारलं तर म्हणाली, "जाताहेत."

"पावती नव्हती, सर," मी सांगते.
"म्हणून शून्य धरलं."
आमचे वकील खोकतात. दोनदा.
न्यायमूर्ती काहीतरी लिहितात, आखूड,
एका शब्दापेक्षा मोठं नसावं.

सुधारित तक्ता सोमवारपर्यंत द्यायचाय.
रात्री माटुंग्याच्या घरी लॅपटॉप उघडून
त्या शून्यावर जाऊन बसते.
'जाताहेत' असं टाइप करून पाहते.
रकाना लाल होतो. त्याला आकडा हवा.

खिडकीतून शेजारच्या कुणाच्या तरी फोडणीचा वास येतो.
टेबलाखाली, उगाच,
डाव्या हाताने उजव्याचं एक बोट दाबते.

मग एक टाकते. एक रुपया.
एकशे बारा पानांखालची बेरीज
हलते.